तीन वर्षं कुळागरात शेण, भुसा, कचरा ओततोय तरी केळी पिवळीच, चुकतंय कुठे?

माड_आणि_मिरी
मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी जन्मजात शेतकरी नाही. पणजीत नोकरी, शनिवार-रविवार प्रियोळला. आजोबांचं कुळागर (सुपारी, माड, केळी, मिरीची बाग), साडेपाच हजार चौरस मीटर, वडिलांच्या आजारपणात सात-आठ वर्षं तसंच पडून होतं. मी हातात घेतलं तेव्हा ठरवलं की रासायनिक काही घालायचं नाही, माती सुधारायची, बाकी आपोआप होईल.

तीन वर्षांत काय काय घातलं ते ऐका. दरवर्षी दोन ट्रॉल्या शेणखत. घरचा आणि शेजारच्या दोन घरांचा ओला कचरा. आणि गेल्या वर्षी लाकडाच्या वखारीतून फुकट मिळाला म्हणून ४० पोती भुसा, तो मे महिन्यात केळीच्या बुंध्यांत घालून कुदळीने नीट मातीत मिसळला, पाठ मोडली अक्षरशः. निकाल: सुपारी होती तेवढीच, नारळ तेवढेच आणि केळी पिवळी पडून किडकिडीत झालीत. माती तपासून घेतली तर पीएच ५.१ (म्हणजे आंबट), सेंद्रिय कर्ब १.४ टक्के (पुढे 'जास्त' असा शिक्का!), स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) कमी. कर्ब जास्त आहे तर मग मी अजून शेण ओतू कशाला? आणि पीक का येत नाही? कुणी नीट समजावेल का?

पणजी_बाल्कनी
रुमाल टाकून ठेवते. माझं कुळागर म्हणजे ११ कुंड्या आहे, तरी प्रश्न तोच.

युरियाभक्त
तीन वर्षांचा ट्रॉलीचा खर्च काढ, त्यात युरियाची किती पोती आली असती बघ आणि मग ठरव. बाकी मी काही बोलत नाही, इथे लोक अंगावर येतात.

डिचोलीचा_मास्तर
अंगावर येत नाही, हिशोब मांडतो. निवृत्त झालो तरी फळा सुटत नाही.

शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का. ट्रॉलीत दोन टन खत धरलं तर १० किलो नत्र. युरियात ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात वीसेक किलो. म्हणजे एक ट्रॉली बरोबर अर्धं पोतं युरिया, आणि तेही सगळं पहिल्या वर्षी मिळत नाही, बराचसा भाग पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतो. इथपर्यंत युरियाभक्त यांचं बरोबर. पण शेणखत काय फक्त नत्रासाठी घालतात? आपल्या जांभ्या मातीत पाणी ठरत नाही, मे महिन्यात आळं सकाळी भिजवा, दुपारी कोरडं. सेंद्रिय पदार्थ असेल तर ओल टिकते, आणि युरिया घातलाच तर तोही मुळाशी थोडा जास्त थांबतो. हे दोन वेगवेगळे हिशोब आहेत, एका वहीत लिहू नयेत.

आता भुशाचं. भुशात एक भाग नत्राला ४०० च्या आसपास भाग कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसला एक असं जेवण लागतं. त्यांना भात भरपूर मिळाला आणि आमटी नाही, मग आमटी ते मातीतून ओढून घेतात. तुमची केळी त्या आमटीवर जगत होती. भुसा वर नुसता पसरला असता तर एवढं झालं नसतं, तुम्ही मेहनत करून मिसळलात तिथे घात झाला.

माड_आणि_मिरी
सर म्हणजे मी पाठ मोडून केळीचं जेवण काढून घेतलं??

डिचोलीचा_मास्तर
होय. पण कायमचं नाही. जिवाणू मेले की ते नत्र परत मातीत येतं. भुशाला वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षं सुद्धा.

फोंड्याची_वैनी
हसू नको म्हटलं तरी हसले. पण माड_आणि_मिरी भाऊ, मनाला लावून घेऊ नका, माझं ऐका मग तुमचं बरं वाटेल. आमच्याकडे माडांना मासळी घालायची जुनी पद्धत, तारल्यांचा मोसम असला की उरलेली तारली आळ्यात पुरायची. मी पण बाजारातून बांगड्याची डोकी, आतडी दोन बादल्या भरून आणली आणि सहा माडांच्या आळ्यात घातली. वीतभर खोल. वीतभर! रात्री रानडुकरं आली. सकाळी बघते तर सहाच्या सहा आळी ट्रॅक्टर फिरवल्यासारखी, मुळं उघडी, आणि एक डोकं शेजारणीच्या तुळशीवृंदावनाजवळ. त्या सोमवारी. श्रावणातल्या. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

रानडुक्कर_पीडित
माझा आयडी उगाच नाही ताई.

अळसांदो
श्रावणातल्या सोमवारी तुळशीपाशी बांगडा 😂😂 शेजारीण बरोबर आहे वैनी, माफ करा

जीवामृतवाला
सगळे ट्रॉल्यांतच अडकलेत. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं, एक एकराला पुरतं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींची पद्धत. माझ्याकडे पाच वर्षं दुसरं काही नाही. ट्रॉली नाही, पोतं नाही.

डिचोलीचा_मास्तर
१० किलो ताज्या शेणात नत्र फार तर ४०-५० ग्रॅम. एका सुपारीच्या झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश आणि वर १२ किलो हिरवा पाला, १२ किलो कंपोस्ट अशी शिफारस आहे. तुमच्या पिंपातल्या शेणात एका झाडाचं अर्धं जेवण. मग बाकीची झाडं काय खातात?

जीवामृतवाला
सर ते विरजण आहे, दूध नाही. विरजणात किती दूध आहे असं विचारतात का कुणी?

सत्तरीकर
हे उत्तर आवडलं. पण विरजण कशात घालता ते पण सांगा.

जीवामृतवाला
काका, झाडाखाली पाला वीतभर असतो माझ्या. गिरीपुष्पाच्या फांद्या वर्षातून तीनदा छाटून तिथेच टाकतो, चुडतं (माडाच्या झावळ्या) कापून टाकतो, केळीचे खांब चिरून टाकतो. आच्छादनाशिवाय मी जीवामृत घालतच नाही. तुम्हाला श्रेय आच्छादनाला द्यायचं तर द्या, माझं भांडण नाही.

डिचोलीचा_मास्तर
मग आपलं पण भांडण नाही. गिरीपुष्पाच्या पाल्यात सुकवलेल्या वजनावर अडीच-तीन टक्के नत्र असतं. तेच तुमचं दूध.

सत्तरीकर
आता मी लिहितो, मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो म्हणून थांबलो होतो.

आमचं कुळागर केरी-सत्तरीला, पाटाच्या पाण्यावरचं. माझे वडील शाळेत चौथीपर्यंत गेलेले पण एक गोष्ट पक्की पाळायचे, मिरगाच्या आधी आळ्यात शेण घालायचं नाही. लोक घालतात, कारण मे मध्ये गोठा रिकामा करायचा असतो आणि गाडी भाटात (बागेत) जाते, पावसात रुतते. पण आपल्याकडे पाऊस किती, तीन हजार मिलिमीटर, सत्तरीत त्याहून जास्त, आणि त्यातला मोठा हिस्सा जून-जुलैत. मे मध्ये घातलेलं शेण जुलैत पाटाने म्हादईला जातं. आम्ही शेण चुडतांच्या छपराखाली ढीग लावून ठेवायचो, आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली की, पाऊस जरा मऊ झाला की, आळी उघडून घालायचो, ते दसऱ्यापर्यंत चालायचं. पावसाआधी आळ्यात फक्त पाला आणि चुडतं, ती सुद्धा खत म्हणून नाही, पावसाचे थेंब मातीवर थेट पडू नयेत म्हणून. जांभा एकदा उघडा पडला की वरची माती जाते आणि खाली राहतो तो चिरा, त्यावर कुणाचं बापजन्मी काही उगवायचं नाही.

दुसरं म्हणजे राख. आईच्या चुलीची राख रोज सकाळी केळीच्या बुंध्यात जायची. तेव्हा वाटायचं राख टाकायला जागा नाही म्हणून तिथे टाकते. आता कळतं, राखेत पालाश आणि चुना दोन्ही. घरात गॅस आला त्या वर्षापासून केळींना राख बंद, आणि कुणाच्या लक्षात पण आलं नाही. तुमच्या रिपोर्टात पालाश कमी आणि आम्लता जास्त आहे ना? तुमच्याकडे चूल कधी बंद झाली आठवा.

माड_आणि_मिरी
काका, आजी गेली तेव्हा. मी शाळेत होतो. हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो.

फोंड्याची_वैनी
राखेवरून आठवलं, राख आणि ताजं शेण एकत्र करू नका हां, आणि चुना तर मुळीच नको. आम्ही एकदा ढिगात चुना मिसळला, लवकर कुजेल म्हणून, असा वास सुटला की डोळ्यांत पाणी. तो वास म्हणजे अमोनिया, म्हणजे खतातलं नत्रच उडून चाललेलं. चुना आधी, पंधरा-वीस दिवस जाऊ द्यायचे, मग शेण.

आणि माडाजवळ शेणाचा ढीग उघडा ठेवणाऱ्यांनी एकदा तो फोडून बघा. पांढऱ्या, जाड, सी आकारात वळलेल्या अळ्या दिसल्या तर गेंड्या भुंग्याला तुम्ही स्वतः पोसताय. आमच्या ढिगात एका बादलीभर निघाल्या. भुंगा माडाचा कोंब पोखरतो, मग नवीन झावळी उघडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. आता आम्ही मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ढिगात मिसळतो, अळ्या हिरव्या पडून मरतात. कोंबड्यांना पण सोडते, त्यांचा वाढदिवस असतो त्या दिवशी.

पणजी_बाल्कनी
माझ्या कुंडीत पण पांढऱ्या अळ्या आहेत! बाल्कनीत भुंगा येईल??

फोंड्याची_वैनी
माड आहे का कुंडीत?

पणजी_बाल्कनी
कढीपत्ता आहे.

फोंड्याची_वैनी
मग झोपा निवांत. कुंडीतल्या बहुतेक दुसऱ्याच कुठल्या भुंग्याच्या, फार झाल्या तर वेचून कावळ्यांना घाला.

चोडणची_शेतकरीण
सगळी चर्चा कुळागराची चाललीय, आमचं खाजन आहे, खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. इथे शेण घाला म्हणणाऱ्यांनी आधी मानस (खाडीचं पाणी अडवायचं दार) बघायला या. बांध फुटला, मानशीची दारं नीट लागली नाहीत, की खारं पाणी आत आलं, मग कसलं कंपोस्ट आणि कसलं काय. आमची पहिली सुधारणा म्हणजे बांध, दुसरी म्हणजे पहिल्या पावसात शेत धुऊन मीठ बाहेर काढणं, त्यानंतर कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं भात. खत त्यानंतर.

आणि शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट. स्वस्तात मिळतं म्हणून आम्ही एकदा घेतलं, कुठलं ते सांगत नाही. रंग काळा, वास चांगला, हात घातला तर कोमट. लावणीच्या वेळी माझ्या जावेच्या पायात काच गेली, चार टाके. नंतर चाळून बघितलं तर काचेचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या, एक बॅटरीचा सेल. बॅटरी! भातशेतीत आपण अनवाणी उतरतो, हे ते खत बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं का?

डिचोलीचा_मास्तर
बॅटरी फार वाईट. शहरी कंपोस्टला सरकारी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, शिसं किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा जास्त नको, कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत. पोत्यावर ते लिहिलेलं नसेल तर तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर ते फुलझाडांना, भाताला नको. आणि ताई, खाजनासाठी क्षारता बघा, मर्यादा ४ (डेसिसायमन प्रति मीटर) आहे, पण तुमच्या जमिनीत आधीच मीठ असल्यावर मला तर ४ सुद्धा जास्त वाटतं. हॉटेलातलं उरलेलं जेवण कुजवलं की त्यात मीठ येतंच.

अळसांदो
पेडण्यातून. आमचं मरडीचं (उंचावरच्या जमिनीचं) भात, पावसाळी. कापणी झाली की त्याच ओलीवर अळसांदे (चवळी) टाकतो. शेंगा विकतो, वेल गुरांना न घालता तिथेच नांगरतो. पाच वर्षं झाली. भात किती वाढलं म्हणाल तर मोजलेलं नाही, पण आधी नांगर लागला की ढेकूळ दगडासारखं निघायचं, आता हातात दाबलं की फुटतं. बाबा म्हणतात दिसतंय मला, आकडे कशाला.

गावात अजून पेंढा जाळतात काही जण. विचारलं तर म्हणतात कुजायला वेळ नाही. खरं पण आहे, वायंगण (उन्हाळी भात) घ्यायची असेल तर मध्ये दिवस किती मिळतात.

युरियाभक्त
मोजलेलं नाही म्हणे. इथेच सगळं अडतं. सेंद्रियवाल्यांकडे ढेकळाची गोष्ट असते, किलो नसतात.

अळसांदो
युरियाभक्त, बियाणं जाऊन खंडीला किती निघालं ते सांगतो पुढच्या वेळी, मोजून. पण युरियाचं पोतं गेल्या वर्षी दोन घालायचो तिथे आता एक घालतो, हे मोजलंय, कारण खिशातून जातं. मी युरिया सोडलेला नाहीय, कुणी सोडा म्हटलं तर मी हो म्हणणार नाही.

युरियाभक्त
मग तू माझ्यातला आहेस, आधी सांगायचं ना.

रानडुक्कर_पीडित
अवांतर: काजूच्या बोंडांच्या चोथ्याचं कुणी खत केलंय का? भाटीवर (काजूची दारू गाळतात तिथे) एप्रिलमध्ये ढीग पडतो. मी दोन गाड्या आणून कुळागरात टाकल्या. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची गाय आली, पोटभर खाल्लं, आणि संध्याकाळी घरी जाताना गडग्याला टेकून उभी. अर्धा तास. शेजारी म्हणतो तू माझ्या गायीला उर्राक (काजूची दारू) पाजलीस.

अळसांदो
दूध कसं होतं?

रानडुक्कर_पीडित
लिंबू सोडा घालून चांगलं लागलं असतं.

फोंड्याची_वैनी
थट्टा सोडा, चोथा आंबट असतो आणि आंबतो, गुरांना पोटफुगी होते, जनावर जाऊ शकतं. झाकून ठेवा. आणि एकटा घालू नका, आधीच आपली माती आंबट. पाला, शेण, थोडी माती यांच्या थरांत घातला तर चांगला कुजतो. आमच्याकडे नाडेपची टाकी आहे, विटांची, भोकं ठेवलेली, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. यवतमाळकडच्या पांढरीपांडे काकांची पद्धत, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. तीन-चार महिन्यांत तयार. फक्त आपल्या पावसात वर छप्पर हवंच, नाहीतर खताचा चहा वाहून जातो.

सत्तरीकर
माड_आणि_मिरी, मूळ प्रश्नाकडे येऊ. मातीचा नमुना कुठून घेतला होता?

माड_आणि_मिरी
कुळागरातून.

सत्तरीकर
कुळागरात कुठून? किती ठिकाणांहून? किती खोल?

माड_आणि_मिरी
...काका, एका सुपारीच्या आळ्यातून. वरची माती. शेणखत घातल्यावर महिन्याने असेल. का?

डिचोलीचा_मास्तर
अहो!! म्हणजे तुम्ही शेणखताचा रिपोर्ट काढलात! १.४ कर्ब तुमच्या जमिनीचा नाही, तुमच्या ट्रॉलीचा आहे. आळी सोडून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, १५ ते २० सेंटिमीटर खोल, कडेची चकती कापायची, सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायचं. खत घातल्यावर लगेच नाही. तरी एक सांगतो, आपल्याकडे झाडोऱ्याच्या जमिनीत कर्ब तसाही बरा निघतो. अडचण बहुतेक वेळा आंबटपणाची. स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, रिपोर्टात कमी दिसतो आणि झाडाला त्याहून कमी मिळतो. चांगलं कुजलेलं कंपोस्ट त्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, तो पण त्याचा उपयोग. आणि आंबट जमिनीत रॉक फॉस्फेट चालतं, कंपोस्टमध्ये मिसळून घाला, महाग सुपर फॉस्फेटच्या मागे लागू नका.

माड_आणि_मिरी
आज रविवार, सकाळीच जाऊन खणून आलो. सविस्तर लिहितो.

तीन खड्डे. पहिला केळीत, भुसा घातला तिथे. भुसा तसाच पिवळा! मुठीत घेऊन पिळला तर पाणी निघालं, वास वखारीचा, कुजलेल्याचा नाहीच. कडेला थोडे पांढरे धागे दिसले, बुरशी असावी. केळीची मुळं भुशाच्या थरापर्यंत येऊन बाजूला वळलेली, म्हणजे आत गेलेलीच नाहीत.

दुसरा दोन सुपारींच्या मध्ये, जिथे मी आजवर काहीच घातलं नाही. चार बोटं तपकिरी, मग लाल, मग कुदळ खण्णकन वाजली.

तिसरा खड्डा विहिरीमागे, जुन्या न्हाणीघराच्या पाण्याची वाट होती तिथे. तिथे मी कधी फिरकलो पण नाही. आजोबांनी नारळाची सोडणं (वरची सालं) पुरली होती, पोटाची बाजू वर, एकाला एक लावून, अजून काळी होऊन आहेत, हातात घेतली की भुगा. त्याखाली माती काळी, ओली, दोन वीत खोल, आणि गांडुळं मोजायचा प्रयत्न केला, एका फावड्यात १४. तिथे उभा असलेला एकच माड, त्याला मी आजवर चमचाभर शेण दिलेलं नाही, आणि पाडेली (नारळ पाडणारा) दर वेळी म्हणतो बाकीच्यांपेक्षा ह्याला जास्त लागलेत. मी ऐकून सोडून द्यायचो.

सत्तरीकर
सोडणांत पालाश असतो आणि ती ओल धरून ठेवतात. आजोबांनी खत घातलं नव्हतं हो, टाकी बांधून ठेवली होती.

पणजी_बाल्कनी
मी सोडणं शहाळेवाल्याकडून फुकट आणू शकते, त्याला टाकायचा प्रश्नच असतो. पण ती कुंडीत कशी बसवू? (गंभीर प्रश्न आहे)

जीवामृतवाला
तुकडे करून तळाशी दोन इंच. खूप नको.

माड_आणि_मिरी
तर ठरवलं ते असं. अर्ध्या भागात डोलोमाइट (चुनखडीसारखा, आंबटपणा कमी करणारा) आत्ता, एप्रिलमध्ये, दुसऱ्या अर्ध्यात नाही, म्हणजे युरियाभक्त यांना किलो दाखवता येतील. मे मध्ये फक्त पाला आणि चुडतं. शेणखत छपराखाली, चवथीनंतर आळ्यात. सोडणांच्या ओळी दोन माडांना करून बघतो. केळींना सध्या करंजाची पेंड देतोय, आमटीची सोय म्हणून. आणि माती परत तपासायला देणार, आळी सोडून.

एकच प्रश्न उरला. अजून १५ पोती भुसा पडवीत पडलाय. जाळू का?

फोंड्याची_वैनी
जाळताय काय! मला द्या. माझ्याकडे चार म्हशी, गोठ्यात खाली अंथरते. मूत सगळं भुशात मुरतं, आणि वर्षभर ढिगात राहिला की तोच भुसा काळं सोनं होतो. तुमची १५ पोती घेते, पुढच्या वर्षी चवथीनंतर १० पोती तयार खत परत देते. पाच पोती म्हशींची मजुरी.

माड_आणि_मिरी
वैनी, मंजूर. शनिवारी जीप घेऊन येतो. तुमच्या शेजारणीला काही निरोप?

फोंड्याची_वैनी
गाडी तिच्या दारात लावू नका, एवढंच.